उसाच्या चिपाडापासून देशाच्या प्रयोगशाळांपर्यंत : शांतिस्वरूप भटनागर यांची गोष्ट

मतदान झालं की बोटाला शाई लावतात आणि आपण त्या बोटाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. साबण लावा, राख लावा, नाहीतर रॉकेलने घासा, ती शाई काही दिवस हलत नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून आपल्याकडं ही शाई वापरात आहे. ती तयार झाली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आणि बनवते म्हैसूरची कंपनी. प्रयोगशाळेत शोध लागला, कारखान्यानं माल केला आणि तो पार वाडीवस्तीवरच्या मतदान केंद्रापर्यंत पोचला.

अशा सरकारी प्रयोगशाळा आज देशभर आहेत. पुण्यात पाषाणला एक मोठी आहे. पण इंग्रजांच्या राज्यात यातलं काहीच नव्हतं. ही साखळी उभी करणारा माणूस म्हणजे डॉ. शांतिस्वरूप भटनागर. त्यांच्या नावाचा विज्ञान पुरस्कार दरवेळी पेपरात येतो, आपण वाचतो आणि पान उलटतो. माणूस कोण होता ते बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून हा लेख.

पोरका मुलगा, आजोळचं घर

भटनागरांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा. गाव भेरा, जिल्हा शाहपूर, पंजाब. हा भाग आता पाकिस्तानात आहे. झेलम नदीच्या काठचा हा मुलूख, आणि त्याच बाजूला मिठाच्या खाणींचे डोंगर. ही मिठाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूल आठ महिन्यांचं असताना वडील वारले. आई माहेरी आली. माहेर उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला, म्हणजे बुलंदशहर जिल्ह्यातलं, हैदराबादशेजारचं नव्हे. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरात अवजारं, यंत्रं, मोजमापाची साधनं पडलेली असायची. पोरगं त्यातच रमलं. दोऱ्याचा टेलिफोन करायचा, काहीतरी जुळवायचं, काहीतरी मोडायचं. दुसरा नाद लागला कवितेचा, उर्दूतला. हे दोन्ही नाद शेवटपर्यंत सुटले नाहीत.

पुढचं शिक्षण लाहोरला झालं. वडिलांचे एक स्नेही तिथं हेडमास्तर होते, त्यांनी मुलाला आणून शाळेत घातलं. पुढे १९१५ साली याच हेडमास्तरांची मुलगी लाजवंती यांच्याशी भटनागरांचं लग्न झालं. १९११ मध्ये, वय सतरा असताना, त्यांनी अलाहाबादच्या एका इंग्रजी पेपरला पत्र पाठवलं. विषय काय, तर बॅटरीत लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या मळी आणि कोळशासारखा पदार्थ दाबून, तापवून घरच्या घरी कशा करता येतील. मळी म्हणजे आपल्या साखर कारखान्याची तीच काळी मळी. टाकाऊ वस्तूकडं बघून यातून काय होईल हा विचार त्या वयातच सुरू झाला होता.

१९१९ ला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. दयालसिंग ट्रस्टनं परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. जायचं होतं अमेरिकेला, लंडनमार्गे. पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि अमेरिकेकडं जाणाऱ्या बोटी घरी परतणाऱ्या सैनिकांनी भरलेल्या. जागाच मिळेना. ट्रस्टनं मग लंडनलाच शिकायची परवानगी दिली. १९२१ ला ते डॉक्टरेट घेऊन परत आले. तिथं ते शिकले ते पाण्यात किंवा तेलात बारीक कण तरंगत राहतात त्याचं शास्त्र. दूध, चिखलाचं पाणी, रंग, मलम, सगळं यात येतं. बोटीत जागा मिळाली असती तर कदाचित हा विषय त्यांच्या वाट्याला आलाच नसता.

आल्यावर तीन वर्षं बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापकी केली. त्या विद्यापीठाचं कुलगीत आजही म्हणतात, ते या रसायनशास्त्राच्या मास्तरांनी लिहिलेलं आहे. १९२४ ला ते लाहोरला पंजाब विद्यापीठात गेले आणि तिथल्या रासायनिक प्रयोगशाळांचे प्रमुख झाले.

चिपाडाचा खुराक आणि डिंकाचा इलाज

उद्योगातलं पहिलं काम त्यांच्याकडं आलं ते उसाचं. लाहोरला सर गंगाराम नावाचे इंजिनिअर होते. माँटगोमेरी जिल्ह्यातली हजारो एकर पडीक जमीन घेऊन, पाणी उचलून, तिथं त्यांनी मोठी शेती उभी केली होती. दिल्लीत त्यांच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आहे, ते हेच गंगाराम. उसाच्या चिपाडाचं जनावरांना खाता येईल असं खाद्य करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. भटनागरांनी त्यापासून जनावरांच्या खाद्याच्या वड्या करायची पद्धत बसवून दिली. आज आपल्याकडं बगॅस बॉयलरला जातो, वीज होते, कागद होतो, त्यामुळं हे फार मोठं वाटणार नाही. पण विद्यापीठातला प्राध्यापक शेतकऱ्याच्या ढिगाऱ्याकडं लक्ष देतो, ही त्या काळात नवी गोष्ट होती.

खरी परीक्षा झाली ती तेलाच्या विहिरीवर. रावळपिंडीजवळ अॅटक ऑइल कंपनी तेलासाठी जमिनीत खोल भोकं पाडत होती. असं खोल भोक पाडताना नळीतून पातळ चिखल सोडतात. तो चिखल खालचा चुरा वर आणतो आणि भोकाच्या भिंती ढासळू देत नाही. अडचण अशी झाली की खाली खारं पाणी लागलं. खाऱ्या पाण्याला भिडला की हा चिखल घट्ट होऊन बसायचा. पुढं ड्रिलिंगच बंद.

सगळे इंजिनिअर याकडं यंत्राचा प्रश्न म्हणून बघत होते. पंपाचा जोर वाढवा, नळी बदला. भटनागरांनी बघितलं ते वेगळंच. गढूळ पाण्याच्या हंड्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा काय होतं? पाण्यात सुटे तरंगणारे मातीचे कण एकमेकांना चिकटतात, गोळा होतात आणि खाली बसतात. विहिरीतल्या चिखलाचं तेच होत होतं, फक्त तुरटीच्या जागी मीठ होतं. मग कणांना एकमेकांपासून लांब ठेवील असं काहीतरी चिखलात घालायला हवं. त्यांनी आपल्याकडं झाडापासून मिळणारा डिंक घातला. डिंक कणांभोवती बसतो, त्यामुळं मीठ आलं तरी कण गोळा होत नाहीत आणि चिखल पातळच राहतो. ड्रिलिंग पुन्हा चालू झालं.

अॅटक कंपनीच्या कारभारामागं लंडनची स्टील ब्रदर्स ही कंपनी होती. ती इतकी खूश झाली की तिनं भटनागरांना पुढच्या संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. तेव्हाचे दीड लाख! आजच्या हिशेबात बसवायलाच नको, त्या काळात एवढ्यात वाडा आणि जमीन दोन्ही झालं असतं. भटनागरांनी ती रक्कम विद्यापीठाकडं द्यायला लावली. त्या पैशातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग सुरू झाला आणि विद्यार्थ्यांना काम मिळालं. कामाची पाच वर्षांची मुदत कंपनीनं पुढे दहा वर्षांची केली आणि पैसेही वाढवले. खगोलशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९३४ मध्ये मुद्दाम पत्र लिहून त्यांच्या या वागण्याचं कौतुक केलं होतं. या साहांशी पुढे काय वाजलं ते खाली येईलच.

त्या विभागात काय काम झालं? मेणाचा वास घालवणं, लोखंडाचा गंज थांबवणं, तेलाच्या कारखान्यात वाया जाणाऱ्या मालाचं वंगण करणं, आणि एक काम आपल्या आजीच्या जिव्हाळ्याचं : रॉकेलच्या दिव्याची ज्योत मोठी कशी करायची. गावात वीज यायला अजून कित्येक वर्षं होती. चिमणी आणि कंदील हाच उजेड होता. ज्योत वाढली तर उजेड वाढला.

नुसत्या शास्त्रातही ते मागं नव्हते. पदार्थाच्या चुंबकी गुणांवरून त्याची रासायनिक घडण ओळखायची, या विषयात त्यांचं मोठं नाव होतं. १९२८ मध्ये के. एन. माथुर यांच्यासोबत त्यांनी यासाठी एक तराजू बनवला आणि तो लंडनच्या कंपनीनं विक्रीला आणला. इंग्रज सरकारनं १९४१ ला 'सर' केलं, १९४३ ला लंडनच्या रॉयल सोसायटीनं सभासद करून घेतलं.

लढाई आली आणि माल बंद झाला

१९३९ ला दुसरं महायुद्ध पेटलं. तोवर औषध, रंग, काच, रसायन, यंत्राचे भाग, बहुतेक सगळं बाहेरून यायचं. बोटी बंद पडल्या तशी सरकारची तारांबळ उडाली. इंग्रजांना भारताच्या कारखानदारीचा पुळका आला असं समजू नका, सैन्याला माल हवा होता. सर रामस्वामी मुदलियार व्हाइसरॉयच्या मंडळात व्यापार खातं सांभाळत होते. त्यांनी जोर लावला आणि १ एप्रिल १९४० ला औद्योगिक संशोधनाचं मंडळ निघालं, तेही फक्त दोन वर्षांसाठी. वर्षाला पाच लाख रुपये. भटनागरांनी लाहोर सोडलं आणि कलकत्त्यात अलीपूरला येऊन कामाला लागले.

भटनागर प्रयोग करून थांबणारे नव्हते. प्रयोगाचा माल कारखान्यात गेला पाहिजे म्हणून त्यांनी १९४१ च्या सुरुवातीलाच वेगळी समिती बसवून घेतली. जो कारखानदार शोध वापरील त्यानं त्याबद्दल पैसे भरायचे आणि तो पैसा पुन्हा संशोधनात जायचा. मग १४ नोव्हेंबर १९४१ ला दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव झाला : पाच वर्षं, दरवर्षी दहा लाख. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबर १९४२ ला सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद सुरू झाली. तारीख बघा. देशात चले जाव चाललंय, पुढारी तुरुंगात आहेत आणि त्याच वेळी सरकारी कचेरीत बसून एक माणूस पुढच्या देशाची पायाभरणी करतोय. काहींना तो इंग्रजांचा माणूस वाटला असेल. मला वाटतं त्यांनी इंग्रजांच्या गरजेचा बरोबर फायदा घेतला. लढाई संपली असती तर हा पैसा मिळाला नसता.

युद्धाच्या काळात विषारी वायूपासून बचावाचं कापड, न फुटणारे डबे, वनस्पती तेल मिसळलेलं इंधन अशी कामं झाली. पण त्यांचा डोळा पुढं होता. १९४३ मध्ये त्यांनी पाच मोठ्या प्रयोगशाळांची योजना मंजूर करून घेतली : रसायन, भौतिक, धातू, इंधन आणि काच. सरकारनं एक कोटी रुपये दिले. टाटांनी वीस लाख दिले.

१९४६ ला पत्नी लाजवंती गेल्या. भटनागरांनी त्यांच्याच नावानं आपल्या उर्दू कवितांचं पुस्तक काढलं. वर्षभरात फाळणी झाली. जन्मगाव, शाळा, लाहोरची प्रयोगशाळा, सगळं पलीकडं गेलं. यानंतरच्या आठ वर्षांत या माणसानं जे बांधलं ते बघून थक्क व्हायला होतं.

राजवाड्यात बसवल्या परीक्षानळ्या

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू सीएसआयआरचे अध्यक्ष झाले. नेहरूंना विज्ञानाची ओढ आणि भटनागरांना काम पुढं रेटायची सवय. दोघांचं जमलं. ३ जानेवारी १९५० ला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. प्रजासत्ताक व्हायला अजून तीन आठवडे होते. त्याच महिन्यात सरदार पटेलांनी दिल्लीची भौतिक प्रयोगशाळा उघडली. मग जमशेदपूरला धातूंची, म्हैसूरला अन्नाची, लखनौला औषधांची.

जागा कुठून आणायची? मागून. म्हैसूरला राजघराण्याचा चेलुवांबा वाडा मिळाला, तिथं अन्नाचं संशोधन सुरू झालं. लखनौत नवाबांच्या छत्तर मंझिलमध्ये औषधांचं. तमिळनाडूतल्या कारैकुडीला अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले, तिथं विद्युत रसायनाची प्रयोगशाळा झाली. प्रत्येक ठिकाणी राजा, शेठ, मंत्री यांच्याकडं स्वतः जाऊन त्यांचं मन वळवणारे भटनागरच. आपल्या गावात शाळेला दोन गुंठे जागा मिळवायची तर किती चपला झिजतात ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

आता ती मिठाची गोष्ट. फाळणीत पंजाबातल्या मिठाच्या खाणी पाकिस्तानात गेल्या. उत्तर हिंदुस्थानात मिठाची टंचाई झाली. एवढा समुद्रकिनारा असून मीठ कमी! मग आगरातलं मीठ जास्त आणि चांगलं कसं निघेल यासाठी १९५४ ला गुजरातेत भावनगरला मिठाची प्रयोगशाळा निघाली. मिठाच्या डोंगरांशेजारी जन्मलेल्या माणसानं ते डोंगर गेल्यावर समुद्राच्या मिठाची सोय लावली.

बाकी पदंही खूप होती. केंद्रात सचिव, विद्यापीठ अनुदान आयोगाचे पहिले अध्यक्ष. १९५१ ला परदेशी तेल कंपन्यांशी बोलणी करायला सरकारनं त्यांनाच नेमलं, त्यातून मुंबईत ट्रॉम्बे आणि विशाखापट्टणमला रिफायनऱ्या आल्या. चिखलात डिंक घालणारा प्राध्यापक आता कंपन्यांसमोर देशाच्या वतीनं बसला होता.

टीका झाली, आणि काही खरीही होती

सगळं गोडगोड नव्हतं. ज्या मेघनाद साहांनी पूर्वी पाठ थोपटली, तेच पुढे मोठे टीकाकार झाले. त्यांचं म्हणणं, हा पैसा विद्यापीठांना द्या. चांगली माणसं प्रयोगशाळांत गेली तर कॉलेजात पोरांना शिकवणार कोण? सर सी. व्ही. रामन यांनाही हा इमारतींचा पसारा रुचला नाही. आज जिल्ह्याच्या कॉलेजातली विज्ञानाची प्रयोगशाळा उघडून बघा, धूळ खाणाऱ्या काचेच्या नळ्या दिसतील. साहांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता.

शोध लागला म्हणजे लोकांनी घेतलाच असंही नाही. दिल्लीच्या प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकात सूर्यचूल काढली. मोठा गाजावाजा झाला. सरपण वाचेल, धूर जाईल. पण ती बाजारात पडली. कारण साधं आहे, कुठलीही बाई सांगेल. आपली भाकरी होते पहाटे आणि दिवस मावळल्यावर. भर उन्हात अंगणात बसून स्वयंपाक कोण करणार? प्रयोगशाळेत बसलेल्यांनी चुलीपुढं बसणारीला विचारलं नव्हतं.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामध्ये कुणीतरी हवं हे भटनागरांना कळत होतं. १९५३ च्या अखेरीस राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ निघालं, तेच काम करायला. शोध घ्यायचा, कारखानदार शोधायचा, करार करायचा. ही मधली जागा आजही दुबळी आहे. आमच्या भागात मातीचा नमुना दिला की छापील कागद हातात येतो. त्या कागदाचं करायचं काय, हे सांगायला बांधावर कुणी येत नाही. कागद आढ्याला खोचून ठेवायचा आणि दुकानदार सांगेल ते खत टाकायचं.

त्यांच्या माघारी

१ जानेवारी १९५५ ला दिल्लीत हृदयविकारानं भटनागर गेले. साठी ओलांडून वर्षही झालं नव्हतं. त्याआधीच्या वर्षी पद्मभूषण मिळालं होतं. बारा प्रयोगशाळा मागं ठेवून गेले.

फळं नंतर आली, ती त्यांना बघायला मिळाली नाहीत. म्हैसूरच्या वाड्यातल्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून लहान बाळाला पचेल अशी पावडर करायची रीत काढली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, बाळाला जड जातं, म्हणून तोवर परदेशी डब्यांवर अवलंबून राहावं लागायचं. अमूलनं ही रीत उचलली. मागं दूध घालणारे शेतकरी होते म्हणून ती चालली. १९५८ साली सीएसआयआरनं दुर्गापूरला यंत्रांची प्रयोगशाळा काढली. तिथल्या इंजिनिअरांनी देशी आराखड्याचा ट्रॅक्टर केला, तो पंजाबात बनू लागला आणि १९७४ पासून बाजारात आला. स्वराज ट्रॅक्टर तो हाच. आपल्या तालुक्यात किती आहेत ते रस्त्यावर उभं राहून मोजता येतील.

पुण्याच्या प्रयोगशाळेत ऊस, हळद, साग यांची रोपं ऊतीपासून, म्हणजे टिश्यू कल्चरनं, वाढवायचं काम झालं. १९९० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी काचेच्या बाटलीत बांबूला फुलं आणली. बांबू रानात फुलायला कित्येक वर्षं लावतो हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळं जगभर त्याची बातमी झाली.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ पासून तरुण शास्त्रज्ञांना दिला जाऊ लागला. आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत विज्ञान युवा या नावानं देतात, पुढं भटनागरांचं नाव आहेच. पुण्याची प्रयोगशाळा पाषाणच्या रस्त्याला आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास ती लोकांना बघायला खुली ठेवतात. शाळेच्या सहलीत शनिवारवाडा असतोच, गुरुजींनी आधी फोनवर चौकशी करून अर्धा दिवस तिकडंही काढावा.